जीव पवित्र खरा. पण भार कोणाच्या खांद्यावर?

आपल्या अखेरच्या आजारात डॉक्टरांनी काय करावे आणि काय करू नये, हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. त्यासाठी घातलेल्या अटी इतक्या किचकट होत्या की तो अधिकार बहुतांशी कागदावरच राहिला. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाला त्या सैल कराव्या लागल्या. आता असे वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष करता येते, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ते साक्षांकित करू शकतो आणि त्याची प्रत सांभाळण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने सक्षम अधिकारी नेमावयाचा आहे. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून या व्यवस्थेचा प्रारंभ केला. जो प्रश्न कालपर्यंत तत्त्वज्ञांच्या परिसंवादांत चर्चिला जात होता, तो अशा रीतीने नगरपालिकांच्या कचेऱ्यांत, जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीशेजारी येऊन उभा राहिला आहे. रहाटणी-काळेवाडीतील एखाद्या निवृत्त कामगाराला उद्या तो स्वतःच्या घरात सोडवावा लागेल.

अशा वेळी या प्रश्नाचा सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत पद्धतशीर विचार करणाऱ्या परंपरेचे म्हणणे समजावून घेणे उचित ठरेल. ती परंपरा ख्रिस्ती धर्माची आहे. गर्भपात आणि दयामरण या दोहोंना असलेला तिचा विरोध सर्वांना ठाऊक आहे. पण त्या विरोधामागील विचार आपल्याकडे फारसा कोणी तपासत नाही. 'चर्चचा हट्ट' एवढे म्हणून तो बाजूला सारला जातो. हा न्याय नव्हे. तो विचार जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही, परंतु त्याच्या कसोटीवर आपला स्वतःचा विचार घासून पाहण्याचे कारण अवश्य आहे.

ठेव आणि मालकी

या विचाराचे मूळ एका साध्या कल्पनेत आहे. माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे. म्हणून त्याचे मूल्य त्याच्या कर्तृत्वावर, बुद्धीवर, आरोग्यावर वा उपयुक्ततेवर अवलंबून नाही. जीवन ही माणसाकडे सोपवलेली ठेव आहे. ठेवीचा विनियोग करता येतो, तिची विल्हेवाट लावता येत नाही. आत्महत्या, गर्भपात व दयामरण या तिन्हींना असलेला विरोध या एकाच सूत्रातून निघतो. तेराव्या शतकात सेंट थॉमस अॅक्वायनस याने आत्महत्येविरुद्ध तीन कारणे दिली: ती स्वतःवरील स्वाभाविक प्रेमाच्या विरुद्ध आहे, ती समाजावर अन्याय करते आणि ती ईश्वराच्या अधिकारावर अतिक्रमण करते. पैकी तिसरे कारण श्रद्धावंतांपुरते म्हणता येईल; पहिली दोन अश्रद्धालाही विचारात पाडणारी आहेत.

मराठी मनाला ही भूमिका पूर्णपणे ओळखीची नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या आळंदीला पिंपरी-चिंचवडचा कामगार एकादशीला जातो, तेथे ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली. सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन करून देह ठेवला. १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला. जैनांची सल्लेखना आजही आदराचा विषय आहे. जीवितकार्य संपल्यावर देहाचा शांतपणे त्याग करणे ही आपल्याकडे पराभवाची खूण मानलेली नाही. ख्रिस्ती परंपरेला मात्र हा त्याग मान्य होण्याजोगा नाही. परंतु समाधी घेणारा ज्ञानी पुरुष आणि औषधाचा खर्च मुलाला झेपत नाही म्हणून मरण मागणारी म्हातारी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. नेमक्या या दुसऱ्या प्रकरणात ख्रिस्ती विचाराने घातलेला प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही. मरणाची ही मागणी खरोखर कोणाची? त्या म्हातारीची, की तिच्याभोवतीच्या परिस्थितीची?

ख्रिस्ती मत एकजिनसी आहे असा समज मात्र करून घेऊ नये. नको असलेले अर्भक उघड्यावर टाकून देण्याची प्रथा रोमन जगात होती. तिला आणि गर्भपाताला पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ठाम विरोध केला. तरीही गर्भात मानवी आत्मा केव्हा येतो याविषयी खुद्द धर्मपंडितांत एकमत नव्हते. अॅरिस्टॉटलला अनुसरून अॅक्वायनस तो काही काळानंतर येतो असे मानी. गर्भपात त्याच्याही मते पापच होता, पण आरंभीच्या आणि नंतरच्या गर्भात तो भेद करी. चर्चच्या दंडविधानातून हा भेद पोप नववे पायस यांनी १८६९ मध्ये काढून टाकला. प्रॉटेस्टंट पंथ तर एकमेकांहून बरेच भिन्न आहेत. चर्च ऑफ इंग्लंड गर्भपाताला विरोध करते, पण काही मर्यादित परिस्थितींत तो कमी वाईट ठरू शकतो असेही मानते. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग आणि मातेच्या आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता; पुढे १९८० पर्यंत त्याच पंथाने आपली दिशा बदलली. आज जे मत सनातन म्हणून मांडले जाते, त्यालाही इतिहास आहे.

मरणाच्या प्रश्नावर तर ख्रिस्ती मत लोकसमजुतीपेक्षा पुष्कळच लवचिक आहे. वेदना शमवणाऱ्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर ते देता येते, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केले. रुग्णावर असह्य बोजा टाकणारे असाधारण उपचार घेणे बंधनकारक नाही, हेही त्यांनी त्याच वर्षी सांगितले. व्हॅटिकनच्या १९८० च्या दयामरणविषयक घोषणापत्राने हीच भूमिका विस्ताराने मांडली. मारणे आणि मरू देणे यांत चर्च भेद करते; आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही विषारी इंजेक्शन निषिद्ध ठेवून निष्फळ उपचार थांबवण्यास अनुमती देताना जवळपास हाच भेद स्वीकारला आहे. मतभेद उरतो तो नळीवाटे दिल्या जाणाऱ्या अन्नपाण्याबद्दल. ते उपचार नव्हेत, साधी शुश्रूषा होय, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये सांगितले. अनेक डॉक्टरांना ते पटत नाही.

परळची खाट

सिद्धान्तांची खरी परीक्षा खाटेजवळ होते. अशी एक खाट परळच्या के. ई. एम. रुग्णालयात होती. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्यांचे सारे पुढचे आयुष्य त्या अवस्थेत गेले. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न देणे थांबवावे म्हणून अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाची वाट या देशात प्रथमच मोकळी केली. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या.

या निकालातील एक गोष्ट विशेष मोलाची आहे. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला. याचे कारण सरळ होते: परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला भरवले होते, धुतले होते, कूस बदलून दिली होती. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण उठू दिला नव्हता. त्यांचा निष्कर्ष चर्चच्या शिकवणुकीशी तंतोतंत जुळला, पण तो कोणत्याही धर्मग्रंथातून आलेला नव्हता. तो हातांतून आलेला होता. विराणी यांचा युक्तिवाद हलका नव्हता. अशा अस्तित्वाला जीवन म्हणावे काय, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. परंतु 'हिला जगू द्या' असे म्हणणाऱ्यांनी त्या जगण्याचा भार स्वतः उचलला होता, आणि म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले.

गॉलवेची खाट

याच्या नेमकी उलट घटना बेळगावच्या मुलीच्या वाट्याला आली. सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य आयर्लंडमध्ये राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. सतरा आठवड्यांचा तिचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होते. गर्भ काढून टाका अशी विनंती तिने केली. गर्भाचे हृदय चालू आहे म्हणून ती नाकारण्यात आली. हा कॅथॉलिक देश आहे, असे शब्द आपण उच्चारल्याचे तेथील एका परिचारिकेने पुढे चौकशीत मान्य केले. जंतुसंसर्ग रक्तात पसरून सविता २८ ऑक्टोबर रोजी मरण पावली. गर्भाच्या हृदयाकडे अवाजवी लक्ष आणि मातेच्या संसर्गाकडे अपुरे लक्ष, असा निष्कर्ष २०१३ च्या चौकशी अहवालाने काढला.

आयर्लंडच्या बिशपांनी त्यावेळी निवेदन काढले की मातेच्या जिवापेक्षा गर्भाचा जीव श्रेष्ठ असे चर्चने कधीही शिकवलेले नाही. हे खरे आहे. मातेला वाचवण्यासाठी आवश्यक उपचार करताना गर्भ दगावला तर तो गर्भपाताचा गुन्हा ठरत नाही, असे कॅथॉलिक नीतिशास्त्र सांगते. पण मग एवढा विवेक त्या वॉर्डात का पोहोचला नाही? कारण १९८३ मध्ये राज्यघटनेत घातलेल्या दुरुस्तीने माता आणि गर्भ यांचे हक्क समान ठरवले होते, आणि तत्त्वाचे कलम झाले की माणसे कलमाच्या भीतीने वागू लागतात. २५ मे २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के आयरिश मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली. त्या मतदानात बेळगावच्या सविताचा चेहरा घरोघर पोहोचला होता.

आयरिश मतदाराला आणखी एक गोष्ट आठवत होती. अविवाहित मातांसाठी तेथे जी आश्रमगृहे चालत, त्यांपैकी अनेक धर्मभगिनींच्या हाती होती. तुआम या गावच्या आश्रमगृहात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुले दगावली. अठरा संस्थांत मिळून सुमारे नऊ हजार मुले मरण पावल्याचे सरकारी आयोगाने २०२१ मध्ये नोंदवले. जन्मापूर्वीच्या जीवाला पवित्र म्हणणाऱ्या समाजाने जन्मानंतरच्या जीवाला कलंक मानले, त्याचा हा हिशेब होय. आसरा दिला एवढ्याने भागत नाही. तो अपमान न करता द्यावा लागतो.

पुण्याने दिलेले उत्तर

ही गोष्ट पुण्याला दीडशे वर्षांपूर्वी कळली होती. विधवांना पुनर्विवाह नव्हता, पण पुरुषांच्या वासनेपासून संरक्षणही नव्हते. परिणामी गर्भपात आणि बालहत्या चोरून होत आणि सापडलेल्या स्त्रीला शिक्षा होई. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे स्त्रीने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तिच्या चारित्र्याची चौकशी नव्हती. तेथे जन्मलेले काशीबाई या विधवेचे मूल फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. जो जीव कदाचित विहिरीत गेला असता, त्याच्या दवाखान्यात शेकडो जीवांची शुश्रूषा झाली. जीवनाच्या पावित्र्यावर याहून समर्थ प्रवचन कोणत्याही व्यासपीठावरून झाले नसेल.

ख्रिस्ती परंपरेचे मराठी भूमीवरील श्रेष्ठ उदाहरणही याच वाटेचे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी ज्या ममतेने वागवत ते पाहून आपण ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेलो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आणि 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना घर दिले, शिक्षण दिले, हाताला काम दिले. जीवनाच्या पावित्र्याविषयी रमाबाईंनी कायदा मागितला नाही. त्यांनी छप्पर घातले.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गर्भपाताचा आपला कायदा धर्मचर्चेतून निघालेलाच नाही. तो आडगल्लीत मरणाऱ्या स्त्रियांच्या आकांतातून निघाला. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९७१ चा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत वाढली. अविवाहित स्त्रीलाही तो लाभ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले. हा कायदा मागे घेतल्याने गर्भपात थांबणार नाहीत, ते पुन्हा आडगल्लीत जातील. तथापि ख्रिस्ती टीकाकारांचा एक इशारा महाराष्ट्राने ऐकावयास हवा होता: एकदा काही जीव अनावश्यक ठरवण्याची सवय लागली की ती कोठे थांबेल हे सांगता येत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा देशातील पहिला कायदा आपण १९८८ मध्ये केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. या मुली अविवाहित मातांच्या नव्हत्या वा उपाशी घरांतल्याही नव्हत्या. पुष्कळदा त्या सुस्थित घरांतल्या होत्या. येथे 'निवड' या शब्दाआड स्त्रीची निवड नव्हती, सासरची होती.

निवडीचीही किंमत असते

येथे दोन्ही पक्षांना एकच प्रश्न विचारावा लागतो. जीवन पवित्र म्हणून नकार देणाऱ्याने तो भार वाहण्याची तयारी दाखवली पाहिजे. पण व्यक्तीच्या निवडीचा कैवार घेणाराही या हिशेबातून सुटत नाही. जिला कोणी सांभाळणारे नाही अशा स्त्रीने गर्भ काढला, किंवा ज्याचा औषधाचा खर्च कोणी उचलत नाही अशा वृद्धाने मरण मागितले, तर तिला वा त्याला निवड होती असे म्हणणे ही थट्टा आहे. दुसरी वाट उघडी असेल तेव्हाच निवडीला अर्थ येतो.

ती वाट कशी असते हे वांद्र्याने दाखवले आहे. टाटा रुग्णालयातील कर्करोग-शल्यविशारद डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी १९८६ मध्ये तेथे शांती अवेदना सदन सुरू केले. जे बरे होणार नाहीत अशा कर्करोग्यांसाठी देशातील ही पहिली संस्था. तिच्या खाटांशी धर्मभगिनी उभ्या राहिल्या आणि रुग्णाला जात वा धर्म विचारला गेला नाही. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र हेच काम विनामूल्य करते. तेथे धर्माचे नाव नाही, पण काम तेच आहे. वेदना थांबली, अंग स्वच्छ राहिले, जवळ माणूस बसला की मरण मागणारे पुष्कळजण ते मागणे विसरतात, असा या क्षेत्रातील डॉक्टरांचा अनुभव आहे. मॉर्फीन मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा दुरुस्त झाला. पण कायदा बदलला म्हणून गावोगावच्या दवाखान्यात मॉर्फीन पोहोचत नाही.

आता पुन्हा रहाटणीकडे वळू. एके काळचे हे शेतीचे गाव आज महानगरपालिकेतील दाट वस्ती आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला आणि पेनिसिलिन या भूमीवर बनू लागले. ज्या औषधांनी माणसाचे आयुष्य वाढवले, त्यांचा कारखानाच आपल्या शेजारी होता. कारखान्यांमागून मराठवाड्यातून, विदर्भातून, नगर-जालन्याकडील ख्रिस्ती वस्त्यांतून माणसे आली. ती तरुण होती तोवर प्रश्न नव्हता. आता त्यांचे आईवडील, आणि पुष्कळदा ती स्वतः, वृद्ध झाली आहेत. दोन खोल्यांच्या घरात पक्षाघाताचा रोगी आहे, मुलगा कंत्राटी पाळीवर आहे, सून दुसऱ्या पाळीवर आहे. पगार मर्यादेपलीकडे गेला की कामगार राज्य विम्याचे छत्र जाते. कंत्राट संपले की तेही जाते आणि पगारही जातो. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयावर साऱ्या पट्ट्याचा भार आहे, आणि रोग बरा होणार नाही असे कळल्यावर रोग्याला घरी न्यावेच लागते. त्या घरात वैद्यकीय इच्छापत्राचा नमुना पोहोचवणे सोपे आहे. आठवड्यातून दोनदा एक परिचारिका पोहोचवणे कठीण आहे.

तेव्हा महानगरपालिकेने इच्छापत्रे सांभाळण्याची व्यवस्था अवश्य करावी. तो नागरिकाचा हक्क आहे. पण त्याच कचेरीतून घरपोच शुश्रूषेची, वेदनाशामक औषधांची आणि अडलेल्या मातेसाठी निःशब्द आसऱ्याची व्यवस्था निघाली नाही, तर त्या इच्छापत्रांवरील सह्या कोणाच्या इच्छेच्या आहेत हे सांगता येणार नाही. चर्चनेही, मंदिरांनी आणि मशिदींनीही, कामगार संघटनांनीही स्वतःला हेच विचारावे. आपल्या प्रार्थनास्थळापासून हाकेच्या अंतरावर अंथरुणाला खिळलेली किती माणसे आहेत, आणि आज त्यांची कूस कोणी बदलली? जीवन पवित्र आहे की नाही, या वादाचा निकाल त्या उत्तरावर अवलंबून आहे.